हौद गल्लीत राहायला

लातूर
१८ जून २०२३

आदरणीय गुणाबाई काकू,

नमस्कार आणि जयभीम.

तुमची माझी ओळख नाही. तुमचा नांदेडचा पत्ता मला विरूपाक्ष अप्पांनी दिला. हौद गल्लीत तुमच्या घरासमोर ओट्यावर मशीन टाकून कपडे शिवतात ते. "फोन करू नको, बाईला ऐकू येत न्हाई, पत्र लिही," असं त्यांनीच सांगितलं. म्हणून शाळेनंतर पहिल्यांदाच पत्र लिहायला बसले आहे.

मी प्रियदर्शनी धम्मदीप सोनकांबळे. गांधी चौकाजवळ एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. माझे मिस्टर धम्मदीप पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करतात. एक मुलगी आहे, बुद्धप्रिया, तिसरीत शिकते. आडनावावरून आम्ही कोण ते तुम्हाला कळलंच असेल. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा पहिल्याच पत्रात लिहिलेलं बरं.

काम असं आहे की तुमचं हौद गल्लीतलं घर मला विकत घ्यायचं आहे. पाडायला नाही, भाड्यानं द्यायला नाही. राहायला.

आम्ही रिंग रोडच्या पलीकडं भाड्यानं राहतो. सगळे सांगतात, अजून पुढं प्लॉटिंग पडलंय, तिकडं घ्या. तिथं टँकरशिवाय पाणी नाही, दिवस मावळला की ऑटोवाला यायला नाही म्हणतो, आणि पोरीची शाळा राहिली इकडं. रोज लॅबला येताना मी हौद गल्लीतून जाते. गावाच्या मधोमध, गोलाईचा बाजार हाकेवर, आणि अख्ख्या गल्लीत माणूस म्हणून एकटे विरूपाक्ष अप्पा. बाकी दारांना कुलपं. ओट्यांवर दिवसाढवळ्या पत्ते चालतात. लोक गावाबाहेर रानं मोडून नवी घरं बांधून राहिलेत आणि गावातली बांधलेली घरं उंदरांना सोडलीत, हे मला काही पटत नाही.

तुमच्या घराची कौलं गळायचा प्रश्न नाही, स्लॅब आहे. अप्पा सांगतात, तीन खोल्या, मागं अंगण. आम्हाला तेवढं पुष्कळ. बँकेत विचारलंय, कर्ज होईल. भाव तुम्ही सांगा. मी घासाघीस करेन, पण फसवणार नाही.

उत्तर 'नाही' असलं तरी कळवा.

तुमची,
प्रियदर्शनी


नांदेड
२ जुलै २०२३

प्रियदर्शनीस,

शरणु शरणार्थ.

तुझं पत्र मिळालं. सुनेनं हातात दिलं अन् विचारलं, कुणाचं? मी म्हणलं, गावाकडचं.

खरं सांगते, आडनाव वाचून पत्र दोन दिवस गादीखाली ठेवलं. मग काढून पुन्हा वाचलं. 'घासाघीस करेन पण फसवणार नाही' ह्याच्यापाशी आले अन् हसू आलं. इतकं सरळ माझ्याशी घरातलंसुद्धा कोणी बोलत न्हाई.

आम्ही गल्ली सोडली ती लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली. पाणी भरून भरून माणसं बेजार झाली होती. त्यात माझे मालक अंथरुणाला खिळले. मुलगा संगमेश इथं नांदेडला बँकेत हाय. तो आला, म्हणला, चार महिने चला. मालक इथंच वारले अन् त्या चार महिन्यांची सात वर्षं झाली. आता मी पाचव्या मजल्यावर राहते. लिफ्ट हाय, टीव्ही हाय, सून ऋतुजा स्वभावानं चांगली हाय. पण गॅलरीतून खाली बघावं तर माणसांची नुसती डोकी दिसतात, तोंड कुणाचं दिसत न्हाई.

तुला एक विचारते. घर घेऊन खरंच राहशील का? का वर्षभरात खाटा टाकून पोरांचं होस्टेल काढशील? आमच्यामागं गल्लीतल्या बऱ्याच जणांनी तेच केलं होतं म्हणे. एकेका खोलीत सहा सहा पोरं. मग क्लासेस दुसरीकडं सरकले, त्यांच्यामागं पोरं गेली, अन् घरं तशीच पडली.

माझ्या मनात काय हाय ते आत्ता सांगत न्हाई. जरा अवधी दे. अन् मोबाईलवर काही पाठवू नको, तो सुनेच्या हातात असतो. पत्रच लिही.

गुणाबाई रामलिंग उस्तुरगे


लातूर
१० जुलै २०२३

आदरणीय काकू,

राहीन. तुम्ही विचारलंत म्हणून पहिल्याच शब्दात उत्तर दिलं.

आता कारण सांगते. लग्नापासून आम्ही भाड्याच्या खोल्या बदलत आलो. आमच्याकडं खोली बघायला गेलं की आधी आडनाव विचारतात, मग भाडं सांगतात. मागच्या वर्षी एकदा सामान टेम्पोत चढवून झालं होतं, बुद्धप्रिया गादीच्या गुंडाळीवर बसलेली, आणि तेवढ्यात ज्याच्याकडं जायचं त्याचा फोन आला, खोली दुसऱ्याला दिली म्हणून. कारण सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. टेम्पोवाला बिचारा म्हणाला, "ताई, गाडी कुठं घेऊ?" त्या दिवशी मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसून ठरवलं की आता सामान हलवायचं ते एकदाच.

धम्मदीप माझ्यापेक्षा शांत आहेत. ते म्हणतात, बंद घर घेणं म्हणजे बंद मोटार घेण्यासारखं आहे, उघडल्याशिवाय आत काय जळालंय कळत नाही. पण त्यांचं पोटच जळालेल्या मोटारींवर आहे, त्यामुळं त्यांना भीती नाही.

अजून एक कळवते. काल मी तुमच्या ओट्यावर पत्ते खेळणाऱ्यांना म्हणाले, "दादा, इथं माझी पोर अभ्यासाला बसणार आहे. तुम्ही दुसरी जागा बघा." ते उठले, पण एकानं विचारलंच, "घर तुमचं आहे का?" मी म्हणाले, "होऊन राहिलंय." तुमच्या होकाराच्या आधीच हक्क सांगितला, माफ करा.

घर आतून कधी बघायला मिळेल?

तुमची,
प्रियदर्शनी


लातूर
४ ऑक्टोबर २०२३

गुणाबाई काकूंना,

जुलैनंतर मी तुम्हाला आणखी दोन पत्रं टाकली. एकाचंही उत्तर नाही.

परवा तुमच्या दारात टेप घेऊन मल्लेश नावाचा एक माणूस माप घेत होता. जागांचे सौदे करतो. पूर्ण गल्ली एकत्र करून तिथं मोठी इमारत उठवायची म्हणतो, खाली पार्किंग आणि वर होस्टेल. विरूपाक्ष अप्पांनी विचारलं तर म्हणाला, "उस्तुरगे बाईच्या पोरानं शब्द दिलाय."

म्हणजे तुम्ही अवधी मागितलात तो ह्यासाठी.

तुम्हाला बिल्डरला द्यायचं असेल तर द्या, घर तुमचं आहे. पण प्रश्न आडनावाचा होता तर तसं लिहायचं होतं. मला 'नाही' ऐकायची सवय आहे, त्यानं मी मोडत नाही. पत्राला उत्तर देण्याचीही लायकी नाही असं कुणी समजावं, ते मात्र मी ऐकून घेत नाही.

मी दुसरं घर शोधीन. ते ह्याच गल्लीत शोधीन.

प्रियदर्शनी सोनकांबळे


नांदेड
२२ ऑक्टोबर २०२३

प्रियदर्शनी,

चिडलीस ते बरं केलंस. तुझ्याजागी मी असते तर पत्र फाडून तुकडे पाठवले असते. आता शांत बसून वाच, लई लिहायचं हाय.

मी विकीन म्हणून घर विकलं जात न्हाई. कागदावर अजून माझ्या सासऱ्यांचं नाव हाय. त्यांच्यामागं वारस तिघं. मी, संगमेश, अन् माझी नणंद शिवकांताअक्का. ती बिलोलीला असते, अन् वीस वर्षं आमच्याशी बोलत न्हवती.

सासरे वारले तवा अक्कानं भावाला एकच गोष्ट मागितली होती. तिचा नवरा धड न्हवता, मूलबाळ न्हाई. म्हणली, पुढची खोली मला दे, मी इथं येऊन राहते. माझे मालक म्हणले, लग्न होऊन गेलेल्या बहिणीला खोली कसली? मला तर कुणी विचारलंच न्हाई. अक्का चहा न घेता उठली ती गेली. भाऊ मेला तरी आली न्हाई.

आता तिच्या सहीशिवाय काही होणार न्हवतं, अन् ती मिळते का ते कळल्याशिवाय तुला काय लिहू, म्हणून उत्तर टाकलं न्हाई. संगमेशला म्हणलं, बिलोलीला घेऊन चल. तर तो म्हणला, "आत्याचं मल्लेश बघून घेईल, तू मधी पडू नको." तवा मला कळलं की ह्यानं कुणाला तरी शब्द दिलाय. मग सून माहेरी गेली होती त्या आठवड्यात मी पिशवी भरली अन् एकटी एसटीत बसले. कंडक्टरला सांगितलं, मला ऐकू येत न्हाई, बिलोली आली की खांद्याला हात लाव. नायगावला त्यानं चहासुद्धा आणून दिला.

अक्का नवऱ्याच्या पुतण्याकडं मागच्या पडवीत राहते. मी पायरीवर बसले. ती बाहेर आली, बघितलं, अन् शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलली.

"कशाला आलीस? सहीला?"

"हाव. सहीला."

"कुणाला विकून राहिलात?"

तुझी पत्रं मी संग नेली होती. तिनं हात लांब धरून सगळी वाचली.

"ही राहणार म्हणते."

"म्हणते."

"सख्ख्या लेकीला एक खोली दिली न्हाई, अन् परक्या बाईला अख्खं घर देता?"

मला वाटलं, संपलं. तरी म्हणलं, "अक्का, तू मागितलीस तवा माझ्या हातात काही न्हवतं. आज माझ्या अन् तुझ्या हातात हाय. तू म्हणशील तसं करू."

ती आत गेली. लई वेळ आली न्हाई. मग भाकरी अन् ठेचा घेऊन आली. म्हणली, "त्या बिल्डरला दिलं तर बापाची एक भिंत राहणार न्हाई. हिला दिलं तर चूल तरी पेटेल. जेव आधी."

तिनं मला लवकर सोडलंच न्हाई. दोन आठवडे ठेवून घेतलं. तुझं रागाचं पत्र इथं येऊन पडलं तवा मी तिच्या पडवीत शेंगा फोडत बसले होते.

परत आले तर संगमेश तापलेला. मल्लेशनं त्याच्या कानात भरलं होतं, "गल्लीतल्या लोकांना आवडणार न्हाई, कुणाला देताय ते बघा." मी म्हणलं, "गल्लीत लोक कुठं राहिलेत? विरूपाक्ष सोडला तर नुसती कुलपं हायेत. कुलपांना कवापासून जात कळायला लागली?" मग म्हणलं, "हे बघ संगमेश, बिल्डरला द्यायचं तर माझी अन् आत्याची सही लागती, ती मिळणार न्हाई. पोरीला द्यायचं तर तुझी लागती. तू देणार नसशील तर तिघं मिळून कुलूप गंजवू."

दोन दिवस जेवणापुरता बोलला. तिसऱ्या दिवशी म्हणला, "कधी जायचं ते सांग, रजा टाकतो."

वारसांची नावं लागायला थोडा वेळ जाईल. मग आम्ही लातूरला येऊ. तुझी घासाघीस तयार ठेव. जेवायला तुझ्याकडंच येऊ.

गुणाबाई


लातूर
११ फेब्रुवारी २०२४

प्रिय गुणामावशी,

सविनय जयभीम. शिवकांताअक्कांना पण सांगा.

रजिस्ट्रीच्या दिवशी तुम्ही दोघी घाईत गेलात, त्यामुळं ऑक्टोबरच्या त्या पत्राबद्दल तोंडानं काही बोलता आलं नाही. मी तुम्हाला चुकीचं समजले. माझ्या आयुष्यात गप्प राहण्याचा अर्थ नेहमी एकच निघाला होता, दुसरा असू शकतो हे तुमच्याकडून कळलं.

आम्ही जानेवारीत राहायला आलो. तुम्ही पुढच्या खोलीतूनच बघून गेलात, आणि मी मुद्दामच तुम्हाला मागं जाऊ दिलं नव्हतं. स्वयंपाकघराची मागची भिंत पावसात बसली होती, त्यातून बाभूळ आत आली होती. तुम्हाला वाईट वाटलं असतं. आता भिंत उभी आहे. धम्मदीपनी आणि त्यांच्या भावानं रविवार धरून धरून बांधली. वायरिंग सगळं नवं केलं. रंग अजून द्यायचाय, पण पहिल्या दिवशी दिवा लावला तेव्हा गल्लीत उजेड पडला, आणि समोरून विरूपाक्ष अप्पा मशीन थांबवून बघत राहिले.

अप्पांचं खरं सांगायचं तर, पत्ता त्यांनी दिला, पण आम्ही खरंच येऊ असं त्यांना वाटलं नसावं. मी चहा घेऊन गेले की ते म्हणतात, "आत्ताच झाला." तीनदा आत्ताच झाला. मी चौथ्यांदा नेणार आहे.

आता अडचण. नळाला पाणी नाही. घरं बंद म्हणून गल्लीची लाइनच बंद आहे. पाणी सोडणारा म्हणतो, "ताई, दोन घरांसाठी व्हॉल्व्ह उघडला तर बंद घरांतल्या फुटक्या नळांतून सगळं वाहून जाईल. चार-सहा घरं तरी नांदती होऊ द्या." तोवर मी मागच्या गल्लीतल्या बोअरवरून घागरी आणते. त्याचं दुःख नाही. पण त्याचं बोलणं मला पटलं.

मावशी, मला गल्लीत माणसं पाहिजेत. घर घ्यायला तयार असलेली माणसं माझ्याकडं आहेत. सुकन्या म्हणून एसटीत कंडक्टर आहे, एकटी आहे, आईला घेऊन राहते. आणि आडतीत धान्याचा काटा करणारा भीमा आहे, त्याचं चार माणसांचं कुटुंब. दोघंही भाड्याला कंटाळलेत. सापडत नाहीत ते घरवाले. कोण पुण्यात, कोण हैदराबादेत, मला काय ठाऊक? तुम्ही इथं चाळीस वर्षं काढलीत. मध्ये पडा.

तुमची,
प्रियदर्शनी


नांदेड
१८ एप्रिल २०२४

चि. प्रियदर्शनीस आशीर्वाद.

अक्का माझ्याकडं राहायला आलीय. तुझं पत्र वाचून आम्ही दोघींनी धंदाच मांडला. ती फोनवर बोलते अन् काय बोलायचं ते मी बाजूला बसून सांगते. समोरचा काय म्हणला ते ती मला ओरडून सांगते. ऋतुजा आधी वैतागली, आता तीच नंबर शोधून देते.

तुझ्या उजव्या हाताचं घर बिराजदारांचं. ते हैदराबादेत. म्हणले, विकायचंय, पण कोण घेतंय? भिंतीला भिंत लागून असलेलं डावीकडचं घर उदगीरच्या शेटेंचं, अन् कोपऱ्यावरचं ईश्वरप्पांचं, ते पुण्यात लेकीकडं असतात. ईश्वरप्पा तर रडले म्हणे. त्यांना वाटलं होतं गल्लीत पुन्हा कुणी दिवा लावणार न्हाई. तिघंही हो म्हणले.

पण आता कसं सांगू? परवापासून एकेकाचे उलटे फोन आले. म्हणतात, गल्लीतून रुंद रस्ता जाणार हाय, घरं पडणार हायेत, मग विकून कुणाच्या गळ्यात मारायची? मल्लेशनं सांगितलंय म्हणे, अन् तोच म्हणतोय पडायच्या आधी मला देऊन मोकळे व्हा. संगमेशच्याही कानावर आलं.

माझी झोप गेली. पोरी, तू कर्ज काढून, हातानं भिंत बांधून बसलीस अन् आम्ही तुला पडणारं घर दिलं का? तसं असेल तर तुझे पैसे अजून माझ्या अन् अक्काच्या खात्यात हायेत. अक्काशी बोलून झालंय. घर आम्ही परत घेतो. जे नुकसान होईल ते आमचं. तू शब्दानं संकोच करू नको.

गुणामावशी


लातूर
२६ मे २०२४

प्रिय गुणामावशी,

मधे तुम्हाला फक्त कार्ड टाकलं, 'घर परत मिळणार नाही, काळजी करू नका' एवढंच. आता सविस्तर लिहिते.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि महापालिकेत गेले. नगररचनेच्या खोलीत गावाचा नकाशा भिंतीवर लावलेला आहे. तिथल्या साहेबांना म्हणाले, "हौद गल्ली दाखवा." त्यांनी बोट ठेवलं. "इथून रस्ता कुठं जातो?" म्हणाले, "कुठंच नाही. आहे तीच गल्ली. कुणी सांगितलं तुम्हाला?" मी तसं लेखी मागितलं. दोनदा खेटे घालावे लागले, पण मिळालं. मी त्याच्या झेरॉक्स काढून बिराजदार, शेटे, ईश्वरप्पा तिघांना पोस्टानं पाठवल्या.

दुसऱ्या आठवड्यात मल्लेश दारात आला. आवाज गोड.

"ताई, तुम्ही माझ्या पोटावर पाय देऊन राहिलात."

"दादा, तुम्ही माझं घर पाडून राहिला होतात."

"बरं, सोडा. तुम्हाला चांगला भाव देतो. रिंग रोडला ह्याच्या दुप्पट मोठं घर येईल."

"मोठं नको. मला गावातलं पाहिजे."

"अहो, किती दिवस राहाल ह्या ओसाड गल्लीत?"

मी काही बोलायच्या आत समोरून विरूपाक्ष अप्पा उठून आले. कात्री हातातच होती. म्हणाले, "मल्लेश, ओसाड कुणाला म्हणतोस? मी काय भूत हाय का? चल, नीघ." तो कात्रीकडं बघत बघतच गेला.

मावशी, अप्पा माझ्या बाजूनं उभे राहिले त्याचं मला घर मिळण्याइतकं वाटलं. बुद्धपौर्णिमेला आम्ही खीर केली. ह्या वेळी वाटी मी नाही, बुद्धप्रिया घेऊन गेली. ती परत आली तेव्हा वाटीत आंबे होते. आणि अप्पांनी तिच्यासमोर बसून खीर खाल्ली, हे तिनं मला विशेष काही नसल्यासारखं सांगितलं. तिला त्यात विशेष वाटलं नाही, हेच मला पाहिजे होतं.

बिराजदारांचं घर सुकन्यानं घेतलं. ईश्वरप्पांचं भीमानं. ईश्वरप्पा स्वतः पुण्याहून किल्ली द्यायला आले होते. भीमाच्या बायकोनं दारात पाणी शिंपडलं तर म्हणाले, "अजून शिंपड, धूळ लई हाय." मागच्या टोकाला एका घरवाल्याचा मुलगाच परत आलाय. पुण्यात भाडं भरण्यापेक्षा इथून कॉम्प्युटरवर काम करतो म्हणतो.

गेल्या सोमवारी व्हॉल्व्ह उघडला. भर मे महिन्यात. एवढ्या वर्षांचा गंज आधी बाहेर आला, तांबडंलाल पाणी, आणि आम्ही सगळ्या बायका त्या पाण्याकडं बघत उभ्या. सुकन्याची आई म्हणाली, "बघता काय, भांडी घ्या." थोड्या वेळानं निवळ झालं. अप्पांच्या नळाला आधी आलं, मग आमच्या.

शेटेंचं डावीकडचं घर तेवढं राहिलंय. दोनच खोल्या आहेत, म्हणून कुटुंबवाल्यांना पुरत नाही. कुणी असेल तर सुचवा.

तुमची,
प्रियदर्शनी


नांदेड
२० नोव्हेंबर २०२४

चि. प्रियदर्शनीस अनेक आशीर्वाद.

पाच-सहा महिने तुला नुसती खुशालीची पत्रं लिहिली. खरं काय चाललंय ते लिहिलं न्हाई, कारण झाल्याशिवाय बोलायचं न्हाई असं अक्कानं बजावलं होतं. आता झालं.

शेटेंचं घर गेलं. अक्कानं अन् मी घेतलं.

जूनमध्ये तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. 'दोनच खोल्या आहेत' ह्याच्यावर ती थांबली. म्हणली, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. ती म्हणली, "दोन खोल्या. आपण किती जणी हाओत?" मी तिच्याकडं बघितलं अन् आम्ही दोघी पोरींसारख्या हसलो. सून धावत आली, म्हणली काय झालं? काय सांगणार?

तुझ्याकडून आलेले पैसे होतेच. शेटेंची वारसाची भानगड आमच्याहून मोठी निघाली, पाच भावंडं अन् पाच गावं. पण ह्या कामात आता आम्ही दोघी तयार झालोय. सगळ्यांच्या दारी गेलो. एकानं तर विचारलं, तुम्ही वकिलाकडून आलात का?

संगमेश भडकला. भडकणारच. "आई, स्वतःचं घर विकलंस अन् त्याच्या बाजूचं घेतलंस? लोक हसतील." मी म्हणलं, "हसू दे. मी कुलूप लावून आले तवा माझं घर होतं, पण गल्ली न्हवती. तू मला तिथं एकटीला राहू दिलं नसतंस, अन् ते तुझं खरं होतं. आता समोर विरूपाक्ष हाय, पलीकडं कंडक्टर पोरगी हाय, भिंतीला भिंत लावून प्रियदर्शनी हाय. आता नको म्हणून दाखव." मग त्यानं विचारलं, "आमचं काय चुकलं इथं?" तवा मात्र मी उठले अन् त्याला जवळ घेतलं. म्हणलं, "काही चुकलं न्हाई रे. तुझ्या घरी मी सुखात हाय. पण हे तुझं घर हाय." त्यानं मान हलवली. कळलं त्याला. दर महिन्याला येईन म्हणतो, अन् ऋतुजा म्हणते उन्हाळ्यात पोरांना तुमच्याकडंच पाठवते.

कागदावर दोन नावं लागलीत. शिवकांता अन् गुणाबाई. नवऱ्याचं न्हाई, बापाचं न्हाई, लेकाचं न्हाई. तिथला कारकून म्हणला, "आजी, ह्या वयात?" अक्का म्हणली, "मग कोणत्या वयात? तू सांग."

पुढची खोली तिनं घेतलीय. मी मागं, अंगणाकडं. चुलीवरून आमचं एकदा भांडण होऊनही गेलं, अजून घरात पाय ठेवला न्हाई तरी.

रविवारी सकाळच्या बसनं निघतो. संगमेश गाडीनं सोडतो म्हणला, पण अक्काला एसटीच पाहिजे. सामान तो मागून आणेल. धम्मदीपला स्टँडवर पाठवू नको, आम्हाला रस्ता ठाऊक हाय. जेवण तुझ्याकडं, ते मात्र सांगून ठेवते.

अन् एक. तुझा स्वभाव मला कळलाय. आम्ही यायच्या आधी तू शेटेंकडून किल्ली मागून घेशील, झाडून पुसून, दार उघडून ठेवशील. तसं करू नको. किल्ली माझ्याजवळ हाय. जाळी असू दे, धूळ असू दे. जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या नावाच्या घराचं कुलूप काढणार हाय. ते माझ्या हातानं निघू दे.

तुझी शेजारीण,
गुणाबाई